डोळे उघडे, माणूस भुलेत



शेतीची माहिती सांगणाऱ्याने भुलेच्या इंजेक्शनावर का लिहावे, असे तुम्हाला वाटेल. पण आंबेकाढणीच्या हंगामात रत्नागिरी तालुक्यातल्या एका बागेत जे घडले, ते तुमच्याही घरी घडू शकते, म्हणून सांगतो.

एक गडी सकाळी फांदीवरून घसरला. खांदा निखळला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "काही खाल्ले आहेस का?" तो म्हणाला, "नाही." इंजेक्शन दिले आणि काही मिनिटांत खांदा बसला. गड्याच्या तोंडून 'हूं' की 'चूं' नाही. पण डोळे मात्र टक्क उघडे आणि बुबुळे हलत होती. दारातून पाहणारी त्याची बायको घाबरून रडू लागली. शुद्धीवर येताना तो बडबडला, "मी वर तरंगतोय, हे हात माझे नाहीत." मग त्याला उलटी झाली, पेजेची! नर्सबाईंनी झटकन कुशीवर वळवले, म्हणून निभावले.

वाडीत बातमी पसरली की झाडावरच्याने धरले. गाऱ्हाणे घालण्यासाठी नारळ-कोंबड्याची तयारीही झाली. खरा धोका भुताचा नव्हता, लपवलेल्या पेजेचा होता!

ते औषध केटामाइन. अमेरिकेत १९६२ साली ते तयार झाले आणि १९७० साली तिथे वापराची परवानगी मिळाली. नेहमीची भूल माणसाला गाढ झोपवते. केटामाइनचे तसे नाही. पाटाला पाणी वाहते आहे, पण दांडाचे तोंड बंद केल्यामुळे ते वाफ्यात पोहोचत नाही, तसे समजा. डोळे उघडे असतात, पण दुखणे आणि आजूबाजूचे भान मनापर्यंत पोहोचत नाही.

याचा मोठा गुण असा, की योग्य मात्रेत श्वास सहसा चालू राहतो आणि रक्तदाब घसरत नाही. म्हणून मोठी यंत्रे नसलेल्या ठिकाणीही ते उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

दोषही आहेत. रक्तदाब व नाडी वाढते, लाळ सुटते, मळमळ होते. शुद्धीवर येताना भास होतात. मुलांना कमी, मोठ्यांना जास्त. क्वचित श्वासाला अडथळा येतो, म्हणून जाणत्या डॉक्टरांची नजर हवीच. नशेसाठी वारंवार घेणाऱ्यांचे मूत्राशय कायमचे खराब होऊ शकते. गैरवापरामुळेच भारतात २०११ साली हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले.

आपल्याकडे विहिरीत बिबट्या पडतो, तेव्हाही याचे नाव कानावर येते. बिबट्याला बेशुद्ध करताना हे औषध झायलाझिनबरोबर बंदुकीतून टोचतात. पण पाण्यात असताना टोचले तर जनावर बुडेल; म्हणून बहुधा पिंजराच खाली सोडतात. भुलेतल्या बिबट्याचेही डोळे उघडे राहतात, म्हणून त्यावर फडके टाकतात. त्या वेळी गलका करू नका, आवाजाने तो बिथरतो.

आता घरात लक्षात ठेवायच्या गोष्टी:

१. भुलेआधी साधारण सहा तास पोटात अन्न नको. पेज हे अन्नच आहे, पाणी नव्हे. अपघातात आधीच खाल्ले असेल तर स्पष्ट सांगा; पुढे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील.

२. रक्तदाब, हृदयविकार, मनाचा आजार, दारूची सवय यांतले काहीही लपवू नका.

३. शुद्धीवर येताना रोग्याभोवती गर्दी नको. एकाच माणसाने जवळ बसून हळू आवाजात बोलावे.

४. त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी मोटारसायकल, कोयता, झाडावर चढणे बंद.

५. भास सहसा काही तासांत जातात. दुसऱ्या दिवशीही बडबड राहिली तर देवऋषाकडे नव्हे, डॉक्टरांकडे जा.

त्या गड्याचा खांदा आता ठीक आहे. तो सध्या झाडावर कमी चढतो, जमिनीवरून झेल्याने आंबे काढतो. आणि कुणी दवाखान्यात निघाले की आधी विचारतो, "पेज प्यायलास काय रे?"