निळ्या पाटीची गाडी

परदेशी अधिकाऱ्याची गाडी चालवणे ही दिल्ली-मुंबईत कायम निघणारी नोकरी आहे. राजदूत आणि उच्चायुक्त दिल्लीत असतात, तर मुंबईत अनेक देशांचे वाणिज्य दूतावास आहेत. अमेरिकेचा वाणिज्य दूतावास २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. या गाड्यांची पाटी निळी आणि अक्षरे पांढरी असतात. ‘सीडी’ म्हणजे दूतावास, ‘सीसी’ म्हणजे वाणिज्य दूतावास आणि ‘यूएन’ म्हणजे संयुक्त राष्ट्रे. अक्षरांआधीचा आकडा देश सांगतो. काही वर्षांनी अधिकारी बदलून जातात, चालक मात्र बहुधा इथलाच आणि तोच राहतो. कोणत्या गल्लीत पाणी तुंबते, विसर्जनाच्या दिवशी कोणता पूल बंद असतो, हे नव्या साहेबांना त्याच्याकडूनच कळते.

निळ्या पाटीला कायदा लागत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार दूतावासाच्या वाहनाची झडती घेता येत नाही आणि राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करता येत नाही. भारताने १९७२ मध्ये कायदा करून ही कलमे लागू केली. त्याच करारात यजमान देशाचे कायदे पाळण्याचे बंधनही आहे. वाणिज्य दूतावासांसाठी १९६३ चा वेगळा करार आहे आणि त्यातले संरक्षण तोकडे आहे. चालक भारतीय नागरिक असेल तर साहेबांचे कवच त्याला मिळत नाही. साहेबांच्या घाईपायी सिग्नल तोडला, तरी परवाना चालकाचाच अडकतो.

राजनैतिक अधिकाऱ्याला सुरक्षा देणे ही करारानुसार यजमान देशाची जबाबदारी असते. ती अपुरी पडली तर काय होते, याचा धडा महाराष्ट्राच्या जवळचा आहे. पुण्याच्या म्हात्रे पुलावरून रोज हजारो लोक जातात. तो पूल ज्यांच्या नावाचा आहे ते रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅमच्या भारतीय कार्यालयात अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन घरी जाताना, बसमधून उतरल्यावर त्यांचे अपहरण झाले. अपहरणकर्त्यांना भारतात कैदेत असलेला काश्मिरी फुटीरतावादी मकबूल बट याची सुटका हवी होती. दोन दिवसांनी म्हात्रे यांचा मृतदेह सापडला. कार्यालयीन गाडी नाही, सोबत कोणी नाही, आणि घरी परतण्याची वाट ठरलेली. पाळत ठेवणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही.

दुसरी घटना खुद्द पुण्यातली. माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य १० ऑगस्ट १९८६ रोजी बाजारातून परतत होते. मारुती गाडी ते स्वतः चालवत होते, शेजारी पत्नी आणि मागच्या आसनावर सुरक्षारक्षक होता. राजेंद्रसिंहजी मार्गावर वळताना गाडीचा वेग उतरला आणि मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी खिडकीतून गोळ्या झाडल्या. जनरल जागीच गेले आणि पत्नी जखमी झाल्या. रक्षक होता, पण प्रशिक्षित चालक नव्हता. ज्याला वाचवायचे त्याच्याच हाती स्टिअरिंग असले, की गोळी लागताच गाडीही थांबते.

याच्या नेमके उलट १९६२ मध्ये पॅरिसजवळ घडले होते. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला आणि टायर फुटले. तरीही चालक फ्रान्सिस मारू याने वेग कमी केला नाही, गाडी सापळ्याबाहेर काढली आणि अध्यक्ष वाचले.

चित्रपटांमुळे अशा चालकाचे काम पाठलागाचे वाटते, पण प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग वेळापत्रक मोडण्याचा असतो. घर ते कार्यालय हा प्रवास रोज वेगळ्या वेळी आणि शक्य तितक्या वेगळ्या रस्त्याने करायचा. अडचण अशी की घराचे फाटक आणि कार्यालयाचे प्रवेशद्वार बदलता येत नाही. म्हणून सर्वात जास्त लक्ष या दोन टोकांवर ठेवले जाते. वाटेतल्या पोलीस ठाण्यांची आणि रुग्णालयांची माहिती तोंडपाठ असावी लागते. सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील इतके अंतर ठेवायचे, म्हणजे रिव्हर्स न घेता बाजूने निघता येते. मोटारसायकल विनाकारण जवळ रेंगाळू लागली की आरशातली नजर हलू द्यायची नाही. बुलेटप्रूफ गाडी जड असते. तिला ब्रेक लागायला वेळ लागतो आणि वळणावर ती बाहेर ओढते, म्हणून ती वेगळी शिकावी लागते.

गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती फिरून, वाकून पाहणे हा या कामातला सर्वात कंटाळवाणा भाग आहे, आणि त्याची किंमत १३ फेब्रुवारी २०१२ रोजी दिसली. त्या दिवशी दिल्लीत मोटारसायकलस्वाराने इस्राएली दूतावासाच्या इनोव्हाला चुंबकाने बाँब चिकटवला. गाडीतली अधिकाऱ्याची पत्नी आणि चालक जखमी झाले. त्याच दिवशी जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी इथे इस्राएली दूतावासाच्या चालकाला गाडीखाली काहीतरी चिकटलेले दिसले. त्याने पोलिसांना कळवले आणि बाँब निकामी झाला.

धाराशिव जिल्ह्यातल्या भूमसारख्या तालुक्यात दुधाच्या आणि खव्याच्या गाड्यांवर हात बसलेले तरुण पुष्कळ आहेत. ‘एमएच-२५’ची पिकअप बालाघाटच्या घाटात सांभाळणाऱ्याला गाडी शिकवावी लागत नाही, पण सुरक्षेचे शिस्तबद्ध काम शिकावे लागते. त्याचा सरळ मार्ग चालक पोलीस शिपाई भरतीतून जातो. त्यासाठी बारावी उत्तीर्ण आणि हलक्या वाहनाचा परवाना हवा. पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावणे, गोळाफेक, वाहन चालवण्याची चाचणी आणि लेखी परीक्षा असते. मूळ वेतनाची श्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये आहे. पुढे मंत्र्यांच्या सुरक्षेसाठी असलेल्या विशेष सुरक्षा विभागात किंवा मुंबई पोलिसांच्या संरक्षण व सुरक्षा शाखेत काम करण्याची संधी असते. दुसरा मार्ग सैन्याचा. आर्मी सर्व्हिस कोअरमधून निवृत्त होणारा चालक अनेकदा चाळिशीच्या आतबाहेर असतो, म्हणजे दुसऱ्या नोकरीला वय उरलेले असते.

वाणिज्य दूतावास थेट चालक नेमतात तेव्हा स्वच्छ परवाना, अपघातरहित नोंद, कामापुरती इंग्रजी आणि कसून चारित्र्य पडताळणी पाहिली जाते. जुना पोलीस गुन्हा लपवला आणि तो पडताळणीत निघाला, तर गुन्ह्यापेक्षा लपवणेच महागात पडते. नोकरी लागल्यावरही साहेब कुठे, कोणासोबत गेले, हे घरीसुद्धा बोलायचे नसते. तासन्‌तास गाडीतच थांबायचे, पण झोपायचे नाही आणि मोबाइलमध्ये गुंतायचे नाही. पुष्कळांना हेच जमत नाही.

उद्योगपती आणि कलाकारांसाठी खासगी संस्था चालक व अंगरक्षक पुरवतात. २००५ च्या कायद्याने अशा संस्थेला राज्याचा परवाना आणि रक्षकाला ठरावीक प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. माजी सैनिकांना ते कमी तासांचे असते. हत्यार बाळगायचे तर शस्त्र परवाना वेगळा लागतो. गावाकडच्या उमेदवाराने ‘ट्रेनिंग फी’ भरण्याआधी संस्थेचा परवाना क्रमांक मागावा. नेमणूकपत्रात पगार, भविष्य निर्वाह निधी आणि कामाचे तास लिहिलेले आहेत का, हेही तपासावे. नुसत्या तोंडी शब्दावर मुंबई गाठलेल्याला सोळा तासांची ड्युटी आणि आठ तासांचा पगार मिळण्याचा धोका असतो.