भूगर्भशास्त्र आणि परवाना

खडकावर घर बांधणारा शहाणा व वाळूवर बांधणारा मूर्ख, यांचा दृष्टांत आपण सर्वांनीं ऐकलेला आहे. परंतु पायाखालीं खडक आहे कीं वाळू, हें सांगण्याचा अधिकार कोणास असावा? अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानास या प्रश्नाचें उत्तर फार मोठी किंमत देऊन शोधावें लागलें.

लॉस एंजेलिस शहरास पाणी पुरविण्यासाठीं बांधलेलें सेंट फ्रान्सिस धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याचे कर्ते विल्यम मलहॉलंड हे स्वकष्टानें शिकलेले कीर्तिमान इंजिनीयर होते. परंतु त्यांच्या आराखड्याची तपासणी बाहेरच्या तज्ज्ञाकडून झाली नव्हती. १२ मार्च १९२८ रोजीं धरणांतून झिरपणारें पाणी त्यांनीं स्वतः पाहिलें व भीतीचें कारण नाहीं, असा निर्वाळा दिला. त्याच दिवशीं मध्यरात्रीच्या सुमारास धरण फुटलें आणि चारशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. चौकशीमंडळानें पश्चिमेकडील तांबड्या खडकाचा तुकडा पाण्यांत ठेवला, तों त्याची पाहतां पाहतां रेती व चिखल झाला! पूर्वेकडील डोंगर तर प्राचीन काळीं कोसळलेल्या दरडीचा होता, असें पुढील संशोधकांनीं दाखविलें. मलहॉलंड यांनीं दोष दुसऱ्यावर ढकलला नाहीं. पण गेलेले जीव परत आले नाहींत.

दुसऱ्याच वर्षीं तेथें धरणांवर सरकारी देखरेख व बांधकामाच्या इंजिनीयरांची नोंदणी सुरू झाली. पुढें १९५६ सालीं पोर्तुगीज बेंड येथें जमीन सरकूं लागून शंभराहून अधिक घरें नष्ट झालीं. अखेर १९६८ सालीं कायद्यानें भूगर्भशास्त्रज्ञांसहि परवाना आवश्यक ठरविला. तो मिळविण्यास शिक्षण, अनुभव व परीक्षा, हीं तिन्ही लागतात.

मग परवान्यावांचून हें काम कोणास करतां येतें? प्रथम, परवानाधारकाच्या हाताखालीं काम करणारास; कारण त्याच्या कामाची जबाबदारी वरिष्ठ घेतो. दुसरे, मध्यवर्ती सरकारचे नोकर. पण केवळ आपल्या सरकारी कामापुरतेच. टेक्सस संस्थानाच्या २००१ सालच्या कायद्यानें अध्यापन, विद्यापीठांतील संशोधन, तसेंच तेल व धातु यांचा शोध, यांनाहि सूट दिली आहे. हौसेनें दगड गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यास तर अशा परवान्याचें बंधनच नाहीं.

या सर्व सवलतींचें मर्म काय? ज्ञान मिळविण्यास व देण्यास प्रतिबंध नाहीं. प्रतिबंध आहे तो, अपरिचित लोकांनीं ज्यावर आपलें घर व प्राण सोपवावे, असा सल्ला बेजबाबदारपणें विकण्यास. परवाना हें विद्वत्तेचें भूषण नसून उत्तरदायित्वाचें बंधन आहे. सूट मिळालेल्याचीहि नीतीच्या दृष्टीनें या बंधनांतून सुटका होत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, टेकडीवरील दगड अवश्य उचला, फोडा, पाण्यांत टाकून पाहा. जिज्ञासेस कोणाची अनुज्ञा लागत नाहीं. परंतु दुसऱ्याचें जीवित ज्यावर अवलंबून आहे, असा शब्द तोंडांतून काढण्यापूर्वीं, काचेच्या भांड्यांत विरून गेलेला तो तांबडा खडक आठवा. आपल्यास जेथें ठाऊक नाहीं, तेथें जाणत्यास विचारणें, हाच शहाण्याचा खडक होय.