माउंट : जोडणी आणि सोडणी

समजा, उत्तनच्या एखाद्या घरात लग्नाचं शूटिंग पेनड्राइव्हवर कॉपी होतंय. मामांना भाईंदरची बस पकडायचीय, त्यामुळे दारात घाई. कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. कॉपीची पट्टी भरली, मामांनी ड्राइव्ह उपटला आणि निघाले. घरी जाऊन लावतात तर हळद दिसते, पण चर्चमधला विधी उघडतच नाही.

दोष ड्राइव्हचा नाही. लिहायचा मजकूर लिनक्स आधी मेमरीत ठेवतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. नेहमीच्या मांडणीत ३० सेकंद जुना झालेला मजकूर लिहायला काढला जातो, आणि स्वस्त पेनड्राइव्ह सावकाश लिहीत असला की रांग वाढत जाते. बोट बंदराला लागली तरी तिच्या पोटातली मासळी टोपल्यांतून उतरायची असते, तशातली गत.

ही रांग रिकामी करून ड्राइव्ह मोकळा करणारी आज्ञा म्हणजे ‘अमाउंट’. ड्राइव्ह जोडणारी ‘माउंट’ आणि सोडणारी ‘अमाउंट’ ही जोडी युनिक्सच्या नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या मॅन्युअलमध्येही आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचा १९७४चा प्रसिद्ध लेख बेल लॅब्समधल्या त्यांच्या पीडीपी-११ यंत्राचं वर्णन करतो. मुख्य डिरेक्टरी कायम बसवलेल्या डिस्कवर, आणि चार लहान ड्राइव्ह लोकांनी आपापल्या डिस्क आणून लावाव्यात म्हणून मोकळे. एका डिस्कची क्षमता जेमतेम २५ लाख बाइट.

विंडोजमध्ये नव्या ड्राइव्हला ‘ई’ किंवा ‘एफ’ असं अक्षर मिळतं आणि तो वेगळा उभा राहतो. युनिक्समध्ये झाड एकच. आलेली डिस्क त्याच्याच एखाद्या डिरेक्टरीवर कलम होते. त्या डिरेक्टरीत आधी काही असेल तर ते तेवढ्यापुरतं झाकलं जातं, डिस्क काढली की जसंच्या तसं पुन्हा दिसतं. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

मला या रचनेत सर्वांत आवडतं ते एक बंधन. एकाच फाइलला दोन नावं देण्याची सोय युनिक्समध्ये आहे, पण दोन्ही नावं एकाच डिस्कवर हवीत. कारण १९७४च्या त्या लेखात सरळ दिलंय: काढता येणारी डिस्क शेवटी निघून जाईल तेव्हा मागे राहिलेल्या जोडण्या निस्तरत बसण्याचा हिशेब फार किचकट होईल. डिस्क आत घेतानाच ती कशी जाईल याचा विचार झाला होता.

म्हणूनच ड्राइव्हवरची एखादी फाइल उघडी असली तर अमाउंट ‘टार्गेट इज बिझी’ म्हणून अडून बसतं. ‘एलएसओएफ’ या आज्ञेला विचारलं की कोण अडवतंय ते कळतं. बहुतेक वेळा दुसऱ्या खिडकीत आपलंच टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभं असतं.

पूर्वी माउंट करण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकाला असे आणि त्याला कारणही होतं. बाहेरच्या डिस्कवर व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम कुणी भरून आणला तर सगळं यंत्र त्याच्या हाती. माउंटचा ‘नोसूइड’ हा पर्याय ती वाट बंद करतो. सामान्य माणसाची मात्र पंचाईत होई. सन कंपनीने १९९३च्या सुमारास आपल्या सोलॅरिस २.२ या युनिक्समध्ये ‘व्होल्ड’ हा प्रोग्रॅम आणला आणि सीडी घातली की आपोआप जोडली जाऊ लागली. फ्लॉपी आल्याचं मात्र यंत्राला कळत नसे, ‘व्होलचेक’ म्हणून सांगावं लागे. बाहेर काढायला बटणही नव्हतं, ‘इजेक्ट’ टाइप करायचं. तक्रारी झाल्या असतील, पण चालू काम अर्धवट तोडून फ्लॉपी ओढायची सोयच नव्हती.

आज लिनक्सवर यूडेव्ह आणि यूडिस्क्स हेच काम मुकाट करतात. जोडणीचा प्रश्न पूर्ण सुटला; सोडणी अजून माणसाच्या हातात. विंडोज १०ने १८०९ आवृत्तीपासून ड्राइव्ह लगेच उपटता यावा अशी मांडणी मूळचीच करून टाकली. बदल्यात लिहिण्याचा वेग थोडा कमी होतो. हा सौदा वाईट नाही. लिनक्समध्येही ‘सिंक’ पर्यायाने तो करता येतो, पण मोठ्या व्हिडिओला इतका वेळ लागतो की मामांच्या दोन बस जातील.

‘अमाउंट’ला ‘लेझी’ नावाचा पर्यायही आहे. तो दिला की ड्राइव्ह झाडावरून लगेच दिसेनासा होतो, पण उघड्या फाइलींचं काम मागे चालूच राहतं. घाईत असलेल्या माणसाला तो शिकवूच नये.