नरखेडच्या पोरापोरींना ॲक्टिंग करायची असेल, तर मुंबईच्या आधी वडसा का बघायचं?

"कलाकार पाहिजेत. वय १८ ते ३०. अनुभवाची गरज नाही. लवकर संपर्क करा."

अशी एखादी पोस्ट अधूनमधून तुमच्याही मोबाईलवर येत असेल. गॅदरिंगमध्ये नाटक गाजवलेलं पोरगं किंवा रील्सवर वऱ्हाडीत धमाल करणारी पोरगी ती पोस्ट बघते आणि लगेच मुंबईचं तिकीट, पोर्टफोलिओ, ऑडिशन फी असा हिशोब सुरू होतो. काही वेळा घरच्यांनी संत्र्याच्या पैशातून बाजूला ठेवलेली रक्कमही त्यात जाते.

पण नरखेड तालुक्यातून अभिनयाच्या कामाकडे जाणारा जवळचा रस्ता मुंबईचा नाही. तो नागपूरवरून पूर्वेला, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा गावाकडे जातो. कसा, तेच जरा नीट समजून घेऊ.

आधी एक फरक समजून घ्या : हौशी आणि व्यावसायिक

नाटकात दोन जगं आहेत. हौशी रंगभूमीवर नोकरी-धंदा सांभाळून लोक तालमी करतात, स्पर्धेत उतरतात, बक्षीस मिळवतात. तिथे शिकायला भरपूर मिळतं, पण घर चालत नाही. व्यावसायिक रंगभूमीवर प्रत्येक प्रयोगाचे पैसे मिळतात. नाटकवाले त्याला 'नाईट' म्हणतात. तुमची नाईट किती आणि महिन्यात प्रयोग किती, यावर तुमची कमाई ठरते.

गडबड इथे होते की शिकायची जागा आणि कमवायची जागा एकच आहे असं आपण धरून चालतो. विदर्भात या दोन जागा वेगळ्या आहेत. शिकायची जागा नागपूर, कमवायची जागा झाडीपट्टी.

झाडीपट्टी म्हणजे काय?

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीनंतर इथे गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात आणि त्याच दिवशी रात्री नाटक असतं. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांना आवतण जातं, नाटकाच्या निमित्ताने सोयरिकीही जुळतात.

या सगळ्याचं केंद्र म्हणजे वडसा. सरकारी कागदावर याचं नाव देसाईगंज. या छोट्या शहरात पन्नासच्या आसपास नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. दिवाळी ते होळी-पाडव्यापर्यंतच्या हंगामात या कंपन्या रोज नव्या गावात प्रयोग करतात. मुंबई-पुण्यात नाटकाचे प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी लागतात. इथे हंगामात आठवड्याच्या कुठल्याही दिवशी नाटक असू शकतं.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे याच रंगभूमीवरचे कलाकार. पाच हजारांहून जास्त प्रयोग आणि आठशे वेगवेगळ्या भूमिका, अशी त्यांच्या कामाची सरकारी नोंद आहे. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२२ साली आलेला तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' हा सिनेमाही याच दुनियेवर आहे.

पैसा येतो कुठून?

झाडीपट्टीचं नाटक सरकारी अनुदानावर उभं राहिलेलं नाही. गावातलं मंडळ वडशाला येऊन कंपनीशी प्रयोगाचा करार करतं आणि इसार देतं. मग गावात मंडप पडतो, तिकिटं विकली जातात. गर्दी झाली तर मंडळाला चार पैसे उरतात, आणि बऱ्याच ठिकाणी ते गावाच्या कामाला लागतात. पाऊस आला किंवा गर्दी झाली नाही, तर तोटाही मंडळाच्या माथी.

कंपनी त्या पैशातून नट-नट्या, वादक, नेपथ्य, लाईट-साऊंड आणि गाडीचा खर्च भागवते. प्रत्येक कलाकाराची नाईट वेगळी. नाव झालेल्या कलाकाराची जास्त, नवख्याची कमी. नागपूरच्या अनेक अभिनेत्रीही हंगामात इथे कामाला जातात.

काम सोपं नाही. रात्रभर प्रयोग, दिवसा गाडीत झोप आणि संध्याकाळी पुढचं गाव, असे महिने काढावे लागतात. गाणं येत असेल, विनोदाचं टायमिंग असेल आणि मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचत असेल, तर टिकाव लागतो. नाटक धरून ठेवण्यासाठी मध्ये नाच-गाणी घालतात आणि त्यावरून टीकाही होते. करार करतानाच तुमचं काम भूमिकेचं आहे की नाचाचंही, हे विचारून घ्या.

मग असं काही नरखेडकडे का नाही?

नागपूर जिल्ह्यातही लोककला कमी नाही. खडी गंमत, दंडार, भजन मंडळं, शाहिरी हे सगळं आहे. पण कंपन्या, बुकिंग, हंगाम अशी व्यवस्था इकडे उभी राहिली नाही.

याचं एक कारण शेतीच्या कॅलेंडरमध्ये सापडतं. धानाच्या पट्ट्यात दिवाळीच्या आसपास पीक हाती येतं, थोडा पैसा येतो आणि बऱ्याच शिवारात काम कमी होतं. म्हणजे प्रेक्षकाकडे वेळ आणि तिकिटाचे पैसे एकाच वेळी असतात. नरखेड-काटोलकडे नेमकं उलट. त्याच दिवसांत आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी, कापसाची वेचणी, हरभरा-गव्हाची पेरणी असते. माणूस रिकामा नाही आणि रात्रभर जागून सकाळी वावरात जाणं परवडत नाही. त्यामुळे इथली कला सणावारापुरती राहिली, धंदा झाली नाही.

हाच मुद्दा इथल्या कलाकारालाही लागू होतो. घरी संत्र्याची बाग असेल तर झाडीपट्टीचा हंगाम आणि तोडणी एकमेकांवर येणार. घरच्यांशी हे आधी बोलून घ्या.

झाडीपट्टीत काम मिळतं कसं?

इथे कास्टिंग एजन्सीचं फारसं प्रस्थ नाही. ओळख, शिफारस आणि प्रत्यक्ष पाहिलेलं काम यावर बरंच काही ठरतं. कंपन्यांच्या टीम दिवाळीच्या आधी ठरतात, त्यामुळे डिसेंबरमध्ये जाऊन विचारलं तर उशीर झालेला असतो.

आधी एक हंगाम प्रेक्षक म्हणून जा आणि दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची नाटकं बघा. रस्ता नागपूर, उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा असा आहे. मग पावसाळ्यात वडशाला जाऊन निर्माते-दिग्दर्शकांना भेटा. पहिल्या वर्षी छोटी भूमिका मिळाली तरी घ्या. नाईट किती, पैसे रोज की हंगामाअखेर, प्रयोग रद्द झाला तर काय आणि राहण्या-जेवणाचं कोण बघणार, या चार गोष्टी कागदावर घ्या. कागद होत नसेल तर निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

नागपूर : शिकायची जागा

नरखेड जंक्शनवरून रेल्वेने नागपूर गाठता येतं, ही मोठी सोय आहे. तिथे काय काय आहे?

राज्य सरकारच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धा होते, आणि तिची प्राथमिक फेरी नागपूर केंद्रावरही असते. महाराष्ट्रातले अनेक मोठे नट याच स्पर्धेतून पुढे आले. कॉलेजात असाल तर एकांकिका स्पर्धा सोडू नका. नागपूर विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकण्याची सोय आहे. केंद्र सरकारचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र नागपुरातच आहे आणि लोककलेच्या पथकांना तिथून कार्यक्रम मिळू शकतात. तुमच्या गावात दंडार किंवा खडी गंमतीचं पथक असेल, तर या केंद्राशी संपर्क ठेवणं फायद्याचं आहे.

याच्या पुढचं पाऊल म्हणजे पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, पुण्याची एफटीआयआय आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजेच एनएसडी. एनएसडीच्या तीन वर्षांच्या कोर्ससाठी पदवी, साधारण १८ ते ३० वय आणि किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात. निवड झाली तर शिष्यवृत्तीही मिळते. म्हणून कॉलेजपासूनच्या प्रत्येक नाटकाचं प्रमाणपत्र, पत्रिका, बातमीचं कात्रण जपून ठेवा. हौशी रंगभूमी पैसे देत नाही, पण हा पुरावा तीच देते.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी एक शिष्यवृत्तीही आहे. वय १८ ते २५, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षांसाठी. त्यात नाटक आणि लोककलाही येतात, मात्र गुरूकडे काही वर्षं शिकल्याचा दाखला लागतो. अटी बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात वाचूनच अर्ज करा.

आणि सिनेमा-मालिका?

तिथे संधी आहेच. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' नागपुरात चित्रित झाला आणि त्यात इथल्या वस्त्यांमधली पोरं मोठ्या पडद्यावर आली. रामटेक परिसरात चित्रनगरी उभारण्याची घोषणाही सरकारने केली आहे. ती उभी राहिली तर कलाकारांसोबत लाईट, मेकअप, आर्टवाल्यांनाही काम मिळेल. पण घोषणेवर आजचा हिशोब मांडू नका.

मालिकांमध्ये साधारण दिवसाच्या हिशोबाने पैसे ठरतात आणि हातात यायला तीन-तीन महिने लागतात. म्हणजे काम मिळालं तरी पहिले तीन महिने खोलीभाडं खिशातून. मुंबईला जायचंच असेल तर निदान सहा महिन्यांचा खर्च गाठीला बांधून जा.

आता बऱ्याच ऑडिशन मोबाईलवर व्हिडिओ करून पाठवता येतात, त्यासाठी मुंबईत राहायलाच पाहिजे असं नाही. फोन आडवा धरा, प्रकाश चेहऱ्यावर येऊ द्या, मागे साधी भिंत ठेवा. नाव, वय, उंची, गाव आणि येणाऱ्या भाषा सांगा. नरखेडला मध्य प्रदेशची सीमा लागून आहे, पांढुर्ण्याची हिंदी आणि इकडची वऱ्हाडी दोन्ही तोंडात बसलेल्या असतात. ती बोली लपवू नका, एक व्हिडिओ तिच्यातच करा.

फसवणूक ओळखायची कशी?

नियम एकच लक्षात ठेवा : काम देणारा पैसे देतो, मागत नाही. रजिस्ट्रेशन फी, ऑडिशन फी, "आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ काढा", "कार्ड काढल्याशिवाय सेटवर सोडत नाहीत" असं कोणी म्हटलं की थांबा. निर्मिती संस्थेचं नाव विचारा आणि त्या संस्थेच्या अधिकृत नंबरवर फोन करून खात्री करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करा. पहिल्या काही तासांत फोन केला तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

मुलींनी ऑडिशन हॉटेलच्या खोलीत असेल तर जाऊ नये आणि सोबत कुणाला तरी न्यावं. छळ झाला तर लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ नुसार तक्रार करता येते. कंपनीत अंतर्गत समिती नसेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती ती तक्रार घेते. लहान मुलांसाठी नियम आणखी कडक आहेत. चित्रीकरणासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावे लागतात.

काम नसलेल्या महिन्यांचं काय?

हा प्रश्न फक्त आपला नाही. आयर्लंडसारख्या नाटकाची मोठी परंपरा असलेल्या देशातही नटांना वर्षभर काम मिळत नाही. म्हणून तिथल्या सरकारने २०२२ मध्ये चिठ्ठ्या काढल्यासारखे २,००० कलाकार निवडले आणि त्यांना आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली. प्रयोग म्हणून सुरू केलेली ही योजना पुढे कायम करण्याची घोषणाही झाली.

आपल्याकडे तरुण नटाला असा आधार नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज मानधन योजना महिन्याला ५,००० रुपये देते, पण ती पन्नाशी ओलांडलेल्या ज्येष्ठ कलाकारांसाठी आहे. तुमच्या गावातल्या जुन्या शाहिराला, दंडारीतल्या आजोबांना ती मिळते का, हे नक्की विचारा आणि मिळत नसेल तर अर्ज भरून द्या.

तरुणांना मात्र मधले महिने स्वतःच भरून काढावे लागतात. झाडीपट्टीतले अनेक कलाकार हंगाम संपला की शेती, मजुरी, दुकान सांभाळतात. नरखेडच्या कलाकाराचंही वर्ष असंच बसू शकतं : पावसाळ्यात वडशाच्या भेटीगाठी आणि नागपुरात तालमी, दिवाळीपासून होळीपर्यंत प्रयोग किंवा स्पर्धा, उन्हाळ्यात प्रवेश परीक्षांची तयारी आणि ऑडिशनचे व्हिडिओ, आणि यासोबत हाताला दुसरं एखादं काम.

असे दोन हंगाम काढले की आपल्याला हे जमतं का आणि झेपतं का, याचं उत्तर मिळतं. मग मुंबईचं तिकीट काढायचं की नाही ते ठरवा. तोपर्यंत पदरचा पैसा जातो तो प्रवासाचा, कुणाच्या ऑडिशन फीचा नाही.