उसातल्या डब्यांची निरोप-पाळी

ओलावा मोजणाऱ्या सेन्सरच्या डब्या आता उसातही आल्या. पण ऊस डोक्यावर गेला की ओरड होते, "साहेब, सेल संपले!" ऐन उसात शिरून सेल बदलणार कोण?

ओलावा मोजायला वीज थोडीच लागते. खरा खर्च रेडिओचा. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की ताकद चौपट लागते, ओल्या पाल्यातून तर त्याहून पुष्कळ. म्हणून लांबच्या डबीने मोटारघरावरच्या यंत्राला थेट हाका मारू नयेत. निरोप शेजारच्या डबीला द्यावा, तिने पुढे.

यात एक गोम आहे. मोटारघराजवळची डबी सगळ्यांचे निरोप वाहून आधी बंद पडते आणि मागच्या धडधाकट डब्याही मुक्या होतात. अमेरिकेतील एमआयटीच्या वेंडी हाइन्झेलमन व सहकाऱ्यांनी २००० साली 'लीच' पद्धत मांडली. तीत गटाचे निरोप गोळा करून पाठवायचं काम डब्यांकडे आळीपाळीने येतं. आपली पाणीपाळीच म्हणा ना!

निरोपाची वाट पाहत जागं राहणंही खर्चिक. ओलावा काही मिनिटामिनिटाला बदलत नाही. अर्ध्या तासाने सगळ्यांनी एकदम जागं व्हावं, पुरे. खरेदीआधी विक्रेत्याला पाळीचं आणि झोपेचं नक्की विचारा. पाळीची सोय नसेल, तर मोटारघराजवळच्या डबीला उसाच्या वर सौरपट्टी लावून घ्या.