घरातील आकडे, घरातील अक्षरे

मार्च २०२० च्या मध्यावर महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरू लागण्यास डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. त्यामुळे २०२० च्या जूनमध्ये पहिलीत नाव दाखल झालेली बहुसंख्य मुले शाळेची पायरी न चढताच दुसरीत पोहोचली. या काळाचा परिणाम ग्रामीण भारतापुरता तरी आकड्यांत पाहता येतो. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात मुलांच्या घरी जाऊन त्यांना छोटा मजकूर वाचायला आणि काही उदाहरणे सोडवायला दिली जातात. तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. वजाबाकी करू शकणाऱ्यांचे प्रमाण मात्र त्याच काळात २८.२ वरून २५.९ टक्के, म्हणजे बरेच कमी घसरले.

या तफावतीला अनेक कारणे असू शकतात. तथापि त्यांपैकी एक घराच्या रोजच्या व्यवहारातच दडलेले दिसते. दुधाचा हिशेब, पाव किलो भाजी, भाकरीची वाटणी, बसचे तिकीट अशा रूपांत संख्या घरात आपोआप वावरत असते. छापील अक्षर तसे वावरत नाही. अनेक घरांत वर्तमानपत्र येत नाही, पुस्तक म्हणजे पाठ्यपुस्तकच असते आणि मोठी माणसे काही वाचताना वा लिहिताना मुलाच्या दृष्टीस क्वचितच पडतात. म्हणून शाळा बंद असताना घरी काय करून घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही विषयांसाठी निरनिराळे येते: गणितात जे आहे त्याकडे मुलाचे लक्ष वेधावे लागते, वाचनात जे नाही ते निर्माण करावे लागते.

पायाभूत संख्याज्ञान म्हणजे संख्येचा लहानमोठेपणा, तिची दशक-एककात फोड आणि बेरीज-वजाबाकीचा अर्थ कळणे. येथे मराठी मुलाची एक खास अडचण असते. ‘बेचाळीस’ म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर, लिहिताना मात्र चार आधी येतो. मग ४२ च्या जागी २४ लिहिले जाते आणि तो निष्काळजीपणा समजून मूल बोलणी खाते. ही अडचण ओळखूनच २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे संख्यावाचन आणले आणि त्यावरून वृत्तपत्रांपासून विधिमंडळापर्यंत वाद रंगला. त्या वादात कोणाचीही बाजू घेतली, तरी घरी करण्याजोगा उपाय साधाच आहे: खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधाव्यात आणि बेचाळीस म्हणजे चार जुड्या व दोन सुट्या काड्या, हे मुलाने हाताने मांडून मग लिहावे. सत्तेचाळीसमधून अठरा काढताना सुट्या सातच आहेत हे पाहून मूल आपणहून एक जुडी सोडते, तेव्हा दशक सुटा करण्याच्या पाठ्यपुस्तकी क्रियेचा अर्थ त्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अष्टचंगचा पटही येथे उपयोगी पडतो. चार कवड्या उताण्या पडल्या तर चार आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ, अशी मोजणी करत सोंगटी हलवताना मूल पुढचे घर मनातल्या मनात काढू लागते. कवड्या नसतील तर फोडलेले चिंचोके चालतात.

वाचनाकडे मात्र अधिक विचाराने जावे लागते. त्याची पूर्वतयारी म्हणजे ध्वनिजाणीव, अर्थात बोललेल्या शब्दाचे तुकडे कानाने वेगळे करता येणे, आणि तिच्यासाठी गावांच्या नावांच्या भेंड्यांइतका स्वस्त उपक्रम दुसरा नाही. नागपूर, रायगड, डहाणू अशी साखळी लागते आणि ‘डहाणू’पाशी खेळ अडतो, कारण ‘ण’ने सुरू होणारे गाव सापडत नाही, तेथे ‘न’ चालवून घ्यावा की नाही, यावर मुले जो वाद घालतात तो व्याकरणाच्या एखाद्या तासाहून मोलाचा असतो.

त्यानंतर मुलाचे स्वतःचे वाक्य कागदावर आणावे. मूल जे सांगेल ते मोठ्या माणसाने त्याच्याच शब्दांत लिहावे आणि मुलाने त्यावर बोट ठेवून ते वाचावे. अर्थ आधीच ठाऊक असल्याने त्याची सगळी शक्ती अक्षरे ओळखण्याकडे लागते. त्याने ‘व्हतं’ म्हटले असेल तर तसेच लिहावे, कारण प्रमाण रूप पुढे शिकवता येते, पण वाचनाची पहिली ओळ परकी वाटली तर मूल कागदापासूनच दूर जाते. लेखनालाही खरे कारण हवे, आणि बाजाराची यादी, डब्यांवरच्या चिठ्ठ्या, शेजारी धाडायचा निरोप यांतून ते मिळते. यादीत ‘मीठ’ची वेलांटी राहिली आणि दुकानातून मठ घरी आले, की वेलांटीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. तिसरी-चौथीच्या मुलांनी वाण्याकडून आलेल्या रद्दीच्या कागदावर ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘ट्रक’, ‘दऱ्या’ यांतील ‘र’ची चार रूपे शोधावीत, जोडाक्षरांची भीती अशा शोधाने चटकन कमी होते.

घरातील मोठ्यांना लिहिता-वाचता येत नसेल तर काय, हा आक्षेप खरा आहे, परंतु त्याला महाराष्ट्रात जुने उत्तर आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी खडे, पाने, बिया याच शैक्षणिक साधनांवर काम उभे केले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. निरक्षर आई गोष्ट सांगू शकते, ती अर्ध्यावर थांबवून ‘पुढं काय झालं असेल?’ असे विचारू शकते आणि थोरले भावंड वाचत असताना ऐकत बसू शकते. या ऐकण्यामुळेच वाचणाऱ्याला वाचावेसे वाटते.

टाळेबंदीच्या काळात सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ मालिकेने जुलै २०२० पासून घरातल्या वस्तूंनीच करता येतील अशा कृती दाखवल्या, तर सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी पाठ्यपुस्तकांतील धडे वस्तीतल्या भिंतींवर रंगवून घेतले. यांतील भिंतींचा प्रयोग अधिक दूरदृष्टीचा म्हणावा लागेल, कारण त्याने मोबाइल नसलेल्या मुलाच्या वाटेवर अक्षर आणून ठेवले. याउलट मोबाइलवरून पाठवल्या गेलेल्या अनेक स्वाध्यायपत्रिका छापून घ्याव्या लागत, आणि झेरॉक्सचे दुकानही शाळेबरोबरच बंद होते, याचा विचार पाठवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

वाचनासाठी रोज वीस-पंचवीस मिनिटे पुरतात, मात्र ती ठरलेल्या वेळी असावीत. पाठ्यपुस्तक संपले असेल तर १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने संगणकावर विनामूल्य खुले केले आहेत. मुलाची वाक्ये आणि याद्या तारखेसह एका वहीत चिकटवून ठेवणेही फार गरजेचे असते. जुलै २०२१ मध्ये राज्यात मागील इयत्तेची उजळणी करून घेणारा पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला गेला. अशा वेळी ही वही हाती आली तर शिक्षकांना दहा मिनिटांत दिसते की मूल काना-मात्रा गाळते आहे की केवळ जोडाक्षरांपाशी अडते आहे, आणि त्याला कोणत्या गटात बसवायचे ते त्यावरून ठरवता येते.