शंभर पट पातळ करून परत लावा

तिशीचा तरुण. बाजूने येणारी गाडी अगदी अंगावर आल्याशिवाय दिसत नाही, एवढीच त्याची तक्रार. एमआरआयवर मात्र पिट्यूटरीची अवाढव्य गाठ. खालचं हाड पोखरलेलं, दोन्हीकडच्या कॅव्हर्नस सायनसमध्ये शिरकाव, मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीला वेढा. रक्तातलं प्रोलॅक्टिन हे हार्मोन १८०. एवढ्या गाठीच्या मानाने आकडा फारच कमी, तेव्हा ही प्रोलॅक्टिनची गाठ नव्हे, असं ठरून ऑपरेशनची तारीख पडणारच होती. तेवढ्यात एंडोक्रायनॉलॉजीच्या मॅडम म्हणाल्या, "लॅबला फोन करा. नमुना शंभर पट पातळ करून परत लावा."

दुपारी आकडा आला, वीस हजारांच्या वर.

या चाचणीत प्रोलॅक्टिन दोन अँटिबॉडींच्या मधोमध पकडलं गेलं तरच मोजलं जातं. त्याचा पूर आला की दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्याच भरून जातात, जोडी जमत नाही आणि आकडा खोटा खाली येतो. लॅबमध्ये याला हूक इफेक्ट म्हणतात.

गाठ प्रोलॅक्टिनचीच ठरली, म्हणून ऑपरेशन रद्द झालं आणि कॅबर्गोलिनच्या गोळ्या सुरू झाल्या, आठवड्यातून दोनदा. प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींवर डोपामिनचे डी-२ रिसेप्टर असतात. गोळी तिथे जाऊन बसते, स्राव थांबतो, पेशी आकसतात. काही आठवड्यांत नजर सुधारली. मग एके सकाळी वाकताच नाकातून पाण्याची धार लागली. सर्दी नव्हती ती. पोखरलेल्या हाडात गाठच बूच होऊन बसली होती. ती आकसली आणि मेंदूभोवतीचं पाणी गळू लागलं. शेवटी सर्जनना आत जावंच लागलं, पण गाठ काढायला नव्हे, भोक बुजवायला. औषध लागू पडल्याचीच ही खूण, हे घरच्यांना पटवताना सगळ्यांचीच दमछाक झाली.

या औषधांचं मूळ अरगट बुरशीत आहे. बाजरीवर तिची भावंडं येतात, म्हणून शेतकरी बियाणं मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगणारं काढून टाकतात. बाझेलच्या सँडोझ कंपनीत एडवर्ड फ्ल्यूकिगर यांच्या गटाने राय धान्यावरच्या अरगटातल्या रसायनांवर काम करून ब्रोमोक्रिप्टीन हे कॅबर्गोलिनच्या आधीचं औषध घडवलं. गंमत अशी, की माणसात प्रोलॅक्टिन हे स्वतंत्र हार्मोन आहे हे १९७०च्या सुमारास नक्की झालं, तेव्हा त्याला आवरणारं औषध तयारच होतं! त्याने गाठच आकसते, हे पुढे सीटी स्कॅनने दाखवलं.

मात्र सगळ्याच गाठी दाद देत नाहीत. काहींमध्ये डी-२ रिसेप्टर कमी झालेले असतात. अशा हट्टी गाठी ऑपरेशन होऊन आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांच्या टेबलावर येतात. त्यांच्यावर आणखी एका रिसेप्टरचा, इस्ट्रोजेन रिसेप्टर अल्फाचा, इम्युनो (अँटिबॉडीने रंगवण्याची चाचणी) लावला की हा रिसेप्टर असलेल्या पेशींची केंद्रकं तपकिरी होतात. पुरुषांच्या आक्रमक गाठींत अनेकदा सगळी स्लाइड फिकट निळीच राहते. एतिएन डेलग्रांज आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हेच मांडलं: हा रिसेप्टर जितका कमी, तितकी गाठ अधिक घुसखोर, औषधाला अधिक निगरगट्ट, आणि पुरुषांत तो कमीच आढळतो. पुरुषांच्या गाठी मोठ्या असतात त्या केवळ उशिरा सापडतात म्हणून, हे जुनं स्पष्टीकरण मला तरी अपुरं वाटतं. गाठीचा स्वभावच वेगळा असतो.

इस्ट्रोजेन रिसेप्टरचा इम्युनो स्तनाच्या कर्करोगासाठी मोठ्या लॅबमध्ये रोजच लागतो. तोच पिट्यूटरीच्या गाठीवरही लावून बघा, असं माझं सहकाऱ्यांना कळकळीचं सांगणं आहे. आणि तुमच्या घरी कुणाच्या पिट्यूटरीत मोठी गाठ निघाली, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा, की प्रोलॅक्टिनचा नमुना पातळ करून तपासला का?